पहिलं पुस्तक आल्यानंतरचं वर्ष : नव्या लेखकांसाठी

लेखकप्रतींचं खोकं घरी आलं त्या दिवशी मी नेहमीसारखी कामावर गेले होते. संध्याकाळी येऊन चिकटपट्टी कापली, वरची प्रत काढली आणि आधी पान ४७ उघडलं. तिथली एक चूक मी शेवटच्या प्रुफात दुरुस्त केली होती आणि ती दुरुस्ती छापून आली आहे की नाही, याची धास्ती होती. आली होती. मग कितीतरी वेळ मी ते पुस्तक मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. तुमचं पुस्तक येईल तेव्हा तुम्हीही असेच बसा, घाई करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायचं होतं आणि माझं पुस्तक आलंय हे दहा-बारा माणसांखेरीज कुणाला ठाऊकही नव्हतं.

माझा तो पहिला कथासंग्रह येऊन आता दीड वर्ष झालं. या काळात नव्याने लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी मला दोन गोष्टी विचारल्या : नोकरी सांभाळून लिहिता कधी, आणि साहित्याच्या वर्तुळात शिरायचं कसं? मला जे समजलं ते सांगते. माझा अनुभव एका पुस्तकाचा आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

लिहिण्याच्या वेळेपासून सुरुवात करते. पुस्तक येण्याआधी मी पहाटे साडेपाच ते साडेसात लिहीत असे. पुस्तक आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत हे दोन तास कुठे गेले ते मला कळलंच नाही. कुणाला प्रत पाठवायची, कुणाच्या निरोपाला उत्तर द्यायचं, कुठे दोन परिच्छेदांचा परिचय लिहून द्यायचा, कुठे फोटो. ही सगळी कामं पुस्तकाचीच असतात, त्यामुळे आपण लिहीत नाही आहोत हे जाणवत नाही. मला ते जाणवलं तेव्हा नव्वद दिवसांत नवं असं एक पानही झालेलं नव्हतं.

अँथनी ट्रोलप हा इंग्लिश कादंबरीकार अनेक वर्षं टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा, ही गोष्ट पुष्कळ जण सांगतात. मला उपयोगी पडला तो त्याने आत्मचरित्रात लिहिलेला दुसरा तपशील : पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा. नोकरी करणाऱ्या माणसाला ही युक्ती फार कामाची आहे. आदल्या दिवसाच्या वाक्यांचा कानाला सूर लागला की मधले वीस-बावीस तास पुसले जातात आणि पुढचं वाक्य आपसूक येतं. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, दोन मुलांना एकट्या वाढवत होत्या आणि उजाडण्यापूर्वी उठून लिहायच्या. १९७० साली त्यांची पहिली कादंबरी आली तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या. ‘माझं वय निघून गेलं’ असं मला सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

आता माझा नियम असा आहे : सकाळचे दोन तास नव्या लिखाणाचे, आणि आधीच्या पुस्तकाची सगळी कामं आठवड्यातून दोन संध्याकाळी. त्या संध्याकाळी नाही जमलं, तर काम पुढच्या आठवड्यावर जातं. त्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

पुस्तक छापायला जाण्याआधीचे महिने मला सर्वांत जास्त शिकवून गेले. प्रुफं वाचणं म्हणजे आपलंच पुस्तक आणखी एकदा वाचणं, असं मी समजत होते. तसं केलं तर चुका दिसत नाहीत, कारण आपण वाक्य वाचत नसतो, आठवत असतो. माझ्या एका कथेत विणकाम करणारी बाई आहे. तिथे ‘सूत तुटलं’च्या जागी ‘सुत तुटलं’ जुळलं होतं. सूत म्हणजे धागा, सुत म्हणजे मुलगा. एका ऱ्हस्व उकाराने त्या बाईच्या घरी केवढा अनर्थ झाला असता! दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे संगणकाने त्याखाली लाल रेघ ओढली नव्हती, आणि मीही पहिल्या वाचनात पुढे निघून गेले होते. पुढचं प्रूफ मी ओळीखाली पट्टी धरून, शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे, मोठ्याने वाचलं. उलट्या क्रमाने गोष्ट हाती लागत नाही, त्यामुळे अक्षरं दिसायला लागतात. शिवाय एक वाचन दुसऱ्या कुणाकडून नक्की करून घ्या, आणि तो माणूस ती गोष्ट आधी वाचलेला नसावा.

पानांचंही एक गणित असतं. पुस्तकं साधारणपणे सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापली जातात. माझा मजकूर सुरुवातीच्या पानांसकट १६३ वर गेला. दहा फॉर्म म्हणजे १६०, अकरा म्हणजे १७६. तीन पानांसाठी एक अख्खा फॉर्म वाढणार आणि त्यातली तेरा पानं कोरी राहणार. प्रकाशकांनी विचारलं, काय करू या? मी चार पानी ऋणनिर्देश एका पानावर आणला. तो काटताना जीव जड झाला होता, पण आज वाचते तेव्हा तेच एक पान जास्त मनापासूनचं वाटतं.

करारावर थोडक्यात सांगते. सही करण्यापूर्वी दोन दिवस तो घरी ठेवा. रॉयल्टीची टक्केवारी छापील किमतीवर आहे की सवलत वजा जाता प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर, हे नीट पाहा, कारण आकडा एकच असला तरी पैशांत मोठा फरक पडतो. अनुवाद, ई-बुक आणि ऑडिओ यांचे हक्क वेगळे लिहिलेले असावेत. आवृत्ती संपून बराच काळ पुस्तक पुन्हा निघालं नाही तर हक्क आपल्याकडे परत केव्हा येणार, हे वाक्य नसेल तर घालून मागा. हिशेब वर्षातून किती वेळा मिळणार हेही विचारा. नवा लेखक असं विचारतो म्हणून कुणी रागावत नाही. आणि रागावलेच, तर पुढच्या संबंधांची कल्पना आधीच आलेली बरी.

आता माणसांविषयी. ‘वर्तुळात शिरायचं कसं’ या प्रश्नातच, मला वाटतं, एक गैरसमज आहे. आत काही ठरावीक माणसं बसली आहेत आणि कुणीतरी दार उघडायला हवं, असं चित्र माझ्याही डोळ्यांसमोर होतं. त्यामुळे सुरुवातीला मी चुकीच्या गोष्टी केल्या. ज्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते अशा ज्येष्ठ लेखकांना पुस्तक पाठवून आठ दिवसांत ‘अभिप्राय कळवावा’ असं लिहिलं. त्यांच्यापैकी एकानेच उत्तर दिलं. ते दोन ओळींचं होतं : ‘प्रत मिळाली. आपण हल्ली कुणाचं वाचताय?’ मी ते पत्र बरेच दिवस टेबलावर ठेवलं होतं. मला उत्तर देता येईना, कारण वर्षभर मी माझ्याच पुस्तकात बुडालेली होते आणि माझ्या पिढीतल्या कुणाचंही नवं पुस्तक वाचलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी महिन्याला निदान एक नव्या लेखकाचं पुस्तक विकत घेऊन वाचते आणि आवडलं तर त्याला पत्र लिहिते. ‘छान आहे, आवडलं’ एवढंच लिहीत नाही. कोणतं वाक्य दोनदा वाचलं, कुठल्या पानावर थांबले, कोणतं पात्र मनात राहिलं, ते लिहिते. असं पत्र स्वतःला आलं की त्याची किंमत कळते. माझे साहित्यातले आजचे जवळपास सगळे स्नेही अशा पत्रांतून मिळालेले आहेत. लेखकांची ‘पेन’ ही संघटना आज जगभर आहे आणि तुरुंगात टाकलेल्या लेखकांसाठी ती आवाज उठवते. १९२१ साली लंडनमध्ये कॅथरीन एमी डॉसन स्कॉट यांनी ती सुरू केली, तेव्हा मात्र तो एकत्र जेवायला जमणाऱ्या लेखकांचा क्लब होता. लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावं, एवढ्यापासून ती गोष्ट सुरू झाली.

आम्ही चौघं महिन्यातून एकदा भेटतो. प्रत्येकाने आठ दिवस आधी दहा पानं पाठवायची, बाकीच्यांनी पेन्सिल घेऊन वाचायची. चर्चा चालू असताना ज्याचं लिखाण आहे त्याने बोलायचं नाही. हा एक नियम आम्ही कसोशीने पाळतो. लेखक खुलासा करायला लागला की वाचणारे विनयाने माना डोलावतात आणि खरी अडचण तिथेच राहते. पानावर जे उतरलेलं नाही ते तोंडाने सांगून भरून काढता येत नाही, हे गप्प बसल्यावर फार स्पष्ट दिसतं. सुरुवातीला त्रास होतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर आपण त्या शांततेची वाट बघायला लागतो.

प्रकाशन समारंभाची मी फार चिंता केली, तेवढी करायची गरज नव्हती. तो घरच्यांचा आणि मित्रमंडळींचा दिवस, तसाच तो असू द्यावा. नंतरची छोटी अभिवाचनं जास्त महत्त्वाची. त्यांच्यासाठी तयारी करा : घरी घड्याळ लावून वाचा, मिळालेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमीच घ्या आणि असा भाग निवडा जो आधीचं काही सांगितल्याशिवाय कळेल. तुमच्यासोबत दुसरे कुणी वाचणार असतील तर त्यांचं संपेपर्यंत थांबा. आपलं झालं की निघून जाणारे लेखक श्रोत्यांच्या लक्षात राहतात, आणि आयोजकांच्याही.

परीक्षणांबद्दल मी एकच पाळते : उत्तर द्यायचं नाही. माझ्या पुस्तकावर एका नियतकालिकात आलेल्या परीक्षणात दोन कथांचे शेवट ‘ओढूनताणून आणलेले’ आहेत असं म्हटलं होतं. चार दिवस मी मनातल्या मनात त्या परीक्षकाशी भांडत होते. पाचव्या दिवशी त्या कथा पुन्हा वाचल्या. एकीबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे. दुसरीबद्दल मला अजूनही तसं वाटत नाही, आणि ते माझ्यापाशी राहू दे.

आणि एका अभिवाचनाला सात जण आले होते. त्यातले दोघे आयोजक. मी वाचलं, प्रश्न झाले, आवराआवर सुरू झाली. मागच्या खुर्चीवरच्या एक वयस्क बाई जवळ आल्या. त्यांच्या हातात माझं पुस्तक होतं, समासात बारीक पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी पान ९१ उघडलं. ‘इथे भाऊ उजव्या पायाने लंगडतो. आधी ८४ वर डावा पाय होता. हे मुद्दाम आहे का? मी बराच विचार केला.’ मुद्दाम नव्हतं. मी, संपादक, मुद्रितशोधक, सगळ्यांच्या नजरेतून ते निसटलं होतं. मी तसं सांगितल्यावर त्यांना हायसं वाटलं. ‘मग कथा मी बरोबर वाचली होती,’ म्हणाल्या. इतक्या काळजीने माझं लिखाण कुणी वाचलं असेल, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, माझं पुढचं हस्तलिखित वाचाल का?

त्या वाचताहेत. गेल्या आठवड्यात दुसऱ्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं परत आली. तिसऱ्या प्रकरणात सहाव्या पानाच्या समासात लिहिलंय, ‘इथे मी पुस्तक खाली ठेवलं.’ आणि दोन पानं पुढे, ‘इथे परत घेतलं.’ या दोन खुणांच्या मधली पानं मी सध्या रोज सकाळी पुन्हा लिहिते आहे.