पाच मिनिटांचा सेट आणि भलतीकडचा हशा

न्यू यॉर्कमध्ये ओपन माइक, म्हणजे कोणीही नाव देऊन स्टेजवर स्टँड-अप कॉमेडी करावी असे कार्यक्रम, करायला लागलो तेव्हा माझा सगळा सेट, म्हणजे स्टेजवर सांगायचे जोक, आईच्या इंग्रजीवर होता. पाच डॉलर भरायचे, नावाची चिठ्ठी बादलीत टाकायची, निघाली की पाच मिनिटं. समोर बसलेले बहुतेक आपल्या नंबराची वाट बघणारे कॉमिकच. ते हसत नाहीत, वहीत डोकं घालून असतात. पण आईचा आवाज काढला की तेही हसायचे.

जोक असा: बँकेतला गोरा कारकून आईशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतो आणि गणिताच्या मास्तरीण असलेल्या आईला त्याच्या हिशेबातली चूक दिसते. टोला कारकुनाला होता. एका रात्री बारमध्ये खरं पब्लिक आलं, हशा पिकला. नंतर एकाने पाठ थोपटली आणि मान डोलवत माझ्या आईची नक्कल करून दाखवली. कारकून त्याच्या लक्षातही नव्हता.

तेव्हा मला अमेरिकेतला कृष्णवर्णीय कॉमिक डेव्ह शॅपेल कळला. चौदाव्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये माइक धरलेला, न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात हुर्यो सोसलेला माणूस. 2003 साली त्याच्या 'शॅपेल्स शो' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात एक आंधळा कृष्णवर्णीय स्वतःला गोरा समजून वर्णद्वेष्ट्यांचा पुढारी झालेला दाखवलाय. तिथे टोला कोणाला, यात शंका नव्हती. तिसऱ्या सीझनला मात्र कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या नकलांसारखा चेहरा काळा रंगवून तो एक छोटं प्रहसन करत होता आणि शूटिंगच्या जागी असलेला एक गोरा माणूस जरा जास्तच हसला. ते हसू त्याला खुपलं. 2005 मध्ये पाच कोटी डॉलरच्या आसपासचा करार अर्ध्यावर टाकून तो दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. (मी पन्नास डॉलर मिळणारा कार्यक्रमही सोडत नाही, ते सोडा.) पुढे त्याने इतर विषयांवर ओढवून घेतलेले वाद वेगळे, त्यात मी त्याची बाजू घेणार नाही.

नव्या मंडळींनी सेट फोनवर रेकॉर्ड करावाच. घरी ऐकताना हशा पंचवर, म्हणजे जोकच्या शेवटच्या टोल्यावर, येतोय की त्याआधीच, नुसत्या उच्चारावर, तेवढं बघा. आणि वंशावरचा जोक पहिल्या मिनिटात नको. तुम्ही कोण हेच पब्लिकला अजून माहीत नसतं.

आता आई माझ्या साध्या आवाजात बोलते, नक्कल कारकुनाची करतो. पहिले तीन आठवडे जोक सपशेल पडला. आता हशा येतो, पण जरा उशिरा, आणि गोऱ्यांच्या टेबलांवर आधी एकमेकांकडे बघून.