अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा नाकारला गेल्यावर या चुका टाळा

दरवर्षी जून-जुलै उजाडला की व्हिसा नाकारल्याचा, २१४(बी) कलमाचा कागद हातात घेतलेली मुले आणि त्यांच्यासोबत काळजीत पडलेले आई-वडील माझ्यासमोर येऊन बसतात आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच विचारतात, ‘सर, मुलाखतीचा सगळ्यात लवकरचा स्लॉट कुठे मिळेल?’ व्हिसा का नाकारला गेला असावा, हा विषय मलाच काढावा लागतो. अभियांत्रिकीच्या मुलांना परदेशी प्रवेशासाठी मार्गदर्शन करताना त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि त्यांतल्या बहुतेक चुका पहिल्या मुलाखतीत नव्हे, तर नकारानंतरच्या पहिल्या आठवड्यात होतात. येथे मी फक्त अमेरिकेच्या एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाविषयी लिहीत आहे. ब्रिटन आणि कॅनडाची पद्धत निराळी आहे आणि तिकडचे उपाय इकडे लावू नयेत.

हातातला कागद न वाचणे

खिडकीवरून मिळालेल्या कागदावर कोणते कलम लिहिले आहे, हे न पाहता ‘रिजेक्ट झाले’ म्हणून मोकळे होणारे अनेक जण आहेत. कलम २२१(जी) लिहिलेले असेल, तर काही कागदपत्रे कमी असल्यामुळे किंवा प्रशासकीय छाननीसाठी प्रकरण थांबवलेले असते. मागितलेली माहिती एका वर्षाच्या आत दिली, तर त्याच अर्जावर निर्णय होऊ शकतो आणि पुन्हा फी भरावी लागत नाही. असा कागद हातात असताना घाबरून नवा अर्ज भरणे म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवणे आहे.

कलम २१४(बी) ही मात्र वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमधले हे कलम असे गृहीत धरते की, अर्जदार कायमचा स्थायिक होण्यासाठीच निघाला आहे आणि तसे नाही हे अधिकाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे. आपण खरोखर शिकायला जात आहोत आणि तो खर्च आपल्याला झेपणारा आहे, हेही त्यालाच पटवून द्यावे लागते. या निर्णयाविरुद्ध अपील नसते. खासदारांचे पत्र, विद्यापीठाचा ईमेल किंवा ओळखीच्या कोणाचा फोन यांनी तो बदलत नाही. नवा डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), १८५ डॉलरची नवी फी आणि नवी मुलाखत एवढाच मार्ग उरतो. दोन अर्जांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत याचे बंधन नाही आणि मला वाटते, सगळा घोळ याच सवलतीमुळे होतो.

शहर बदलून तोच अर्ज पुन्हा करणे

ज्या चुकीने मी सर्वांत जास्त मुलांचे नुकसान होताना पाहिले आहे, ती ही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका मुलाला मुंबईत २१४(बी) मिळाला. त्याच्या कन्सल्टंटने सांगितले की, मुंबईचे ऑफिसर कडक आहेत, हैदराबादला जाऊन ये. दोन आठवड्यांच्या आत तो हैदराबादला गेला आणि तिथेही नकार मिळाला. मग दिल्ली झाली. प्रत्येक वेळी जुनाच डीएस-१६० तारखा बदलून पुन्हा भरलेला होता. हैदराबादच्या अधिकाऱ्याने त्याला सरळ विचारले होते की, मागच्या मुलाखतीनंतर तुमच्या परिस्थितीत काय बदलले? त्यावर त्याने, आता माझी तयारी जास्त चांगली झाली आहे, असे उत्तर दिले. आधीच्या मुलाखतीच्या नोंदी कोणत्याही शहरातल्या अधिकाऱ्याला पडद्यावर दिसतात, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते.

तिसऱ्या नकारानंतर तो वडिलांना घेऊन आला. मी त्याच्याकडून डीएस-१६०ची पूर्ण प्रत मागवली, तेव्हा ती त्याच्याकडे नव्हतीच, कन्सल्टंटकडे होती. प्रत आल्यावर आम्ही ती ओळीने वाचली. खर्च कोण करणार, या प्रश्नापुढे ‘सेल्फ’ असे निवडलेले होते, कारण शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर होते आणि भरणाऱ्याने एवढाच विचार केला होता. पदवीनंतर मुलाने चाकणच्या एका कारखान्यात सव्वा वर्ष क्वालिटी विभागात कंत्राटी काम केले होते, पण कंत्राटी नोकरी कशाला दाखवायची म्हणून ती गाळली होती. वडिलांची डाळिंबाची बाग आणि तालुक्याच्या गावी खत-बियाण्यांचे दुकान असूनही त्यांच्याविषयी विचारल्यावर मुलाने तिन्ही वेळा फक्त ‘बिझनेस’ एवढेच सांगितले होते. म्हणजे अधिकाऱ्यासमोर जे चित्र उभे राहिले, ते सव्वा वर्ष घरी बसलेल्या, कमाई नसलेल्या आणि तरीही स्वतःच्या पैशाने अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलाचे. तीन शहरांतल्या तीन अधिकाऱ्यांनी त्या चित्रावर एकच निर्णय दिला, यात मला काहीही आश्चर्य वाटले नाही.

वडील मला म्हणाले, ‘सर, आम्ही तर सगळं खरं तेच दिलं होतं.’ त्यांनी दिले होते हे खरेच, पण अर्जात ते उतरले नव्हते. आम्ही विद्यापीठाला विचारून प्रवेश जानेवारीच्या सत्रापर्यंत पुढे ढकलला, नवा आय-२० (विद्यापीठ देते ते प्रवेशाचे प्रमाणपत्र) मागवला आणि डीएस-१६० मुलाला स्वतःच्या हाताने कोरा भरायला लावला. आधीचे तिन्ही नकार त्यात स्पष्ट लिहिले. चौथी मुलाखत मुंबईतच झाली आणि व्हिसा मिळाला. प्रत्येकाला असाच मिळेल, असे मी कोणालाही सांगत नाही, कारण सर्व काही नीट करूनही नकार मिळालेली मुले मी पाहिली आहेत. पण पहिल्या नकारानंतर लगेच हे वाचन झाले असते, तर त्या घराचे ३७० डॉलर, दोन शहरांचा प्रवास आणि मुलाचे एक सत्र वाचण्याची शक्यता तरी होती.

म्हणून माझी एक सवय आहे आणि ती मी सर्वांवर लादतो. मुलाखत ज्या दिवशी झाली, त्याच दिवशी संध्याकाळी वहीत प्रत्येक प्रश्न आणि आपण दिलेले उत्तर, आठवेल तितके शब्दशः, लिहून काढायचे. दुसऱ्या दिवसापासून आठवणीत रंग भरले जातात आणि मुले जे बोलायला हवे होते, तेच बोललो असे सांगू लागतात. ही वही आणि लाल पेनाने तपासलेला डीएस-१६० माझ्यासमोर येईपर्यंत मी कोणाला स्लॉटचे पान उघडू देत नाही. घाई करणारी मुले यावर चिडतात आणि काही दुसरीकडे निघूनही जातात.

पाठ केलेली उत्तरे

टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये मुलाखतींचे ‘अनुभव’ फिरतात आणि त्यांतली उत्तरे मुले पाठ करतात. मुलाखत साधारण दोन-तीन मिनिटांची असते, मध्ये काच असते, आवाज माइकवरून येतो आणि अधिकारी उत्तर मध्येच तोडून पुढचे विचारतो. पाठ केलेला मुलगा अशा वेळी अडखळतो आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो. ‘हेच विद्यापीठ का?’ या प्रश्नाला अभ्यासक्रम उत्तम आहे, प्राध्यापक नामवंत आहेत आणि रँकिंग चांगले आहे, हे उत्तर त्याच सकाळी त्याच रांगेतल्या इतर अनेकांनीही दिलेले असते.

वर सांगितलेल्या मुलाचेच पाहा. चाकणला तो रोज सुट्या भागांच्या तपासणीचे आकडे शीटमध्ये भरत असे आणि कोणत्या शिफ्टमध्ये कोणता दोष वाढतो, हे त्याने स्वतःहून शोधून सुपरवायझरला दाखवले होते. डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे वळण्याचे त्याचे खरे कारण हेच होते, आणि मेकॅनिकलचा मुलगा हा विषय का घेतो, या साहजिक प्रश्नाचे उत्तरही यातच होते. तीन मुलाखतींत त्याने ते एकदाही सांगितले नाही, कारण पाठ केलेल्या यादीत ते नव्हते.

मी उत्तरे लिहून देत नाही. मुलाला मी आधी घरी आईला किंवा आत्याला मराठीत समजावून सांगायला लावतो की आपण काय शिकणार आहोत, ते तिथेच का आणि पैसे कुठून येणार आहेत. ऐकणाऱ्या माणसाला कळले, तरच पुढे इंग्रजीत बोलायला घ्यायचे. इंग्रजी साधे असले तरी चालते, पण विचार स्वतःचा असावा लागतो. पैसे घेऊन मॉक इंटरव्ह्यूत वाक्ये घोटून घेणाऱ्या वर्गांविषयी माझे मत अजिबात चांगले नाही.

शेतीचे उत्पन्न आणि फुगवलेले आकडे

शेतकरी घरातली मुले येथे हमखास चुकतात. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे वडिलांचे रिटर्न एक तर नसते किंवा त्यात फारसे काही दिसत नाही. मग सीएकडून जमिनीचे मूल्य धरून नेटवर्थ सर्टिफिकेट केले जाते आणि मुलगा खिडकीवर थेट दीड-दोन कोटींचा आकडा सांगतो. जमिनीच्या किमतीने फी भरली जात नाही, हे अधिकाऱ्याला चांगले कळते. त्यापेक्षा ऊस किती एकर आहे, कारखान्याचे बिल वर्षाला साधारण किती येते, ते कोणत्या खात्यात जमा होते आणि उरलेल्या रकमेसाठी कोणत्या बँकेचे कर्ज मंजूर झाले आहे, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. सातबारा, कारखान्याच्या पावत्या, बँकेचे स्टेटमेंट आणि कर्जाचे मंजुरीपत्र जवळ ठेवावे. अधिकारी बहुतेक वेळा फाइल उघडायला सांगत नाही, पण खरा कागद जवळ असला की मुलगा शांतपणे बोलतो. मुलाखतीच्या तोंडावर मामाकडून उसने वीस लाख आणून खात्यात दाखवण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये.

लपवाछपवी

अमेरिकेचा व्हिसा पूर्वी नाकारला गेला होता का, असा थेट प्रश्न डीएस-१६०मध्ये असतो. त्याला ‘नाही’ लिहिण्याचा सल्ला जो देतो, त्याच्या ऑफिसात पुन्हा पाऊल ठेवू नका. खोटे अनुभवपत्र किंवा बनावट बँक स्टेटमेंट पकडले गेले, तर कलम २१२(ए)(६)(सी) लागू शकते आणि त्याखालची अपात्रता कायमची असते. २१४(बी) नंतर पुन्हा अर्ज करता येतो, पण या कलमानंतर पुढचे सगळे दरवाजे जवळपास बंद होतात. अर्ज एजंटने भरला होता, ही सबबही चालत नाही, कारण खाली सही आपली असते. अर्ज भरताना कोणाची मदत घेतली का, हेही त्या फॉर्ममध्ये विचारलेले असते आणि त्याचेही उत्तर खरेच द्यायचे असते. पुढे ब्रिटन किंवा कॅनडाला अर्ज केला, तर तिथेही इतर देशांनी दिलेल्या नकारांविषयी विचारतात.

आणखी काही

मागच्या पाच वर्षांत वापरलेली सर्व सोशल मीडिया खाती अर्जात लिहावी लागतात आणि जून २०२५पासून विद्यार्थ्यांना ती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते, त्यामुळे मुलाखतीच्या आदल्या रात्री खाती बंद करू नयेत. खिडकीवर वाद घालू नये. ‘परत येणार का?’ या प्रश्नाला देशसेवेचे भाषण देऊ नये, शिक्षणानंतर जे करण्याचा खरोखर विचार आहे तेच सांगावे. केवळ नकार मिळाला म्हणून विद्यापीठ बदलू नये. निवड मुळातच चुकीची असेल तरच बदलावे.

पुन्हा अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लगेच लिहून दोन गोष्टी विचाराव्यात : प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत ढकलता येईल का, आणि भरलेल्या डिपॉझिटचे काय होईल. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची) ३५० डॉलरची फी पहिल्या नकारापासून १२ महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केल्यास परत भरावी लागत नाही, मात्र विद्यापीठ बदलले असेल तर जुनी पावती नव्या सेव्हिस क्रमांकाला जोडून घ्यावी लागते. नवा आय-२० आला की त्यावरचे नाव, सत्राची तारीख, सेव्हिस क्रमांक आणि खर्चाची रक्कम नव्या डीएस-१६०शी आणि कर्जाच्या मंजुरीपत्राशी ताडून पाहावी, आणि त्यानंतरच स्लॉट घ्यावा.