समुपदेशन स्वतःच शिकताय? या चुका टाळा

शालेय मानसशास्त्राची तुकडी दरवर्षी नवी, चुका मात्र त्याच. पुस्तक वाचलं, दोन व्हिडिओ पाहिले की समुपदेशन जमलं! स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायचं म्हटलं की सगळ्यांना लाज.

मागे एका मुलीने सरावाचं रेकॉर्डिंग दिलं. तिची मैत्रीण सातवीतला मुलगा झाली होती. ‘मुलगा’ म्हणाला, “बाबा आता घरी नसतात.” आमच्या समुपदेशक बाई, म्हणजे तीच मुलगी, सुटल्या, “का? कुठे असतात? कधीपासून? आई काय म्हणते?” मैत्रीण खोट्या भूमिकेतसुद्धा गप्प झाली. स्वमूल्यमापनात मात्र समानुभूतीला, म्हणजे समोरच्याची भावना ओळखण्याला, १० पैकी ८! म्हटलं, “यातली १० मिनिटं शब्दन् शब्द उतरवून काढ, मग गुण दे.” दीड तास लागला. प्रश्न निघाले २३, भावनेची दखल घेणारं वाक्य एकही नाही. आठाचे दोन तिनेच केले.

दुसरी चूक पायऱ्या गाळण्याची. स्वतःला सूचना देत शिकण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड माइकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये वापरली, तीही दुसरीतल्या उतावळ्या मुलांसाठी. आधी मोठा माणूस बोलत बोलत काम करून दाखवतो. मग मूल त्याच्या सूचनांवर करतं, नंतर स्वतः मोठ्याने बोलत, मग पुटपुटत, शेवटी मनातल्या मनात. आमची मंडळी थेट शेवटच्या पायरीवर. उतावळेपणात दुसरीतली पोरं परवडली. त्या मुलीला मी कार्ड लिहून दिलं: ‘थांब. तो काय म्हणाला? त्याला काय वाटत असेल? तेवढंच बोल.’ आठवडाभर ती हे मोठ्याने म्हणत होती. शिपाईमामांनी विचारलंच, “मॅडम, कुणाशी बोलताय?”

बाकीच्या किरकोळ. सल्ला ओठांवर आला तर पाणी प्या. मूल गप्प बसलं तर मनात दहापर्यंत मोजा. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा होकार नसेल तर रेकॉर्डिंग नाही.

एक मात्र किरकोळ नाही: “कुणाला सांगणार नाही” हे वचन. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळाली तर ती कळवणं बालकांच्या संरक्षणाच्या पॉक्सो कायद्याने (२०१२, कलम १९) बंधनकारक आहे. “तुला धोका असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल,” हे वाक्य पहिल्या भेटीआधी आरशासमोर पाठ करा. आणि असा प्रसंग आला तर एकट्याने निस्तरू नका, त्याच दिवशी सुपरव्हायजरला फोन लावा.