मे महिन्यात गावी गेलात की माजघराचा कॅमेरा करून बघा

कौलारू घरात दुपारी जमिनीवर गोल गोल कवडसे पडतात ना, कौलांची फट वाकडीतिकडी असली तरी कवडसा गोलच, कारण ते भोकाचं चित्र नसतंच मुळी, सूर्याचं असतं. कौल 3 मीटर उंच असेल तर कवडसा साधारण पावणेतीन सेंटीमीटरचा. 26 डिसेंबर 2019 च्या ग्रहणात खळ्यात माडाखाली सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले, पोरं नाचत होती नुसती.

तर आता करायचं असं, समुद्राकडची म्हणजे पश्चिमेची खिडकी घ्या, जाड पुठ्ठ्याने पूर्ण बंद करा आणि मधोमध पेन्सिल जाईल एवढंच भोक पाडा. समोर दीडेक मीटरवर पांढरी चादर ताणून धरा. हे सकाळी 9-10 वाजताच करा, तेव्हा ऊन मागून येऊन समोरचे माड उजळलेले असतात, संध्याकाळी सूर्य समोर येतो मग काय मजा नाही. बाकीच्या फटींना गोणपाट लावा आणि 10 मिनिटं अंधारात गप्प बसा (आमच्याकडे हेच सगळ्यात कठीण), डोळे सरावले की चादरीवर माड उलटे लटकलेले दिसतात, आकाश खाली, रंगासकट, आणि वारा आला की झावळ्या हलतात पण! भोक लहान केलं तर चित्र रेखीव पण अंधुक, मोठं केलं तर उजेड भरपूर पण सगळं पुसट. मोबाईलने फोटो काढायचा तर नाईट मोड लावून फोन स्टुलावर टेकवा, हातात धरलात तर हललाच समजा.