वावरात फवारणीचा ड्रोन उडवताना या चुका टाळा

"सेन्सर हाये ना भाऊ, अडथळा दिसला की थांबते तो आपोआप." मीही हेच म्हणायचो, आणि मागच्या खरिपात यवतमाळकडं एका वावरात माझा ड्रोन डीपीजवळच्या (ट्रान्सफॉर्मरजवळच्या) ताणात गेला. ताण म्हणजे खांबापासून तिरपी खाली जमिनीत गाडलेली तार. पाती तुटली, टाकी फुटली, सगळं औषध पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, सांडलं. ड्रोनच्या रडारला, म्हणजे त्याच सेन्सरला, खांब दिसला होता, ताण नाही.

रडारची लहर तारेवर आपटून परत आली तरच ड्रोनला कळतं. बारीक तारेकडं तिरपं गेलं की लहर भलतीकडंच जाते, आणि कॅमेऱ्याला तर समोरून ऊन असलं की तार दिसतच नाही. म्हणून उडवायच्या आधी धुऱ्यानं, म्हणजे वावराच्या बांधानं, एक चक्कर मारा, प्रत्येक खांब, ताण, बाभूळ ॲपच्या नकाशात अडथळा म्हणून टाका आणि चारही बाजूंनी निदान ५ मीटर सोडा.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे. आपल्याकडं कपाशीत तुरीचे तास, म्हणजे ओळी, असतात, तूर उंच, ड्रोन आडवा चालवला की तुरीच्या प्रत्येक ओळीला समोर अडथळा समजून ब्रेक मारतो, मग पोरं वैतागून अवॉइडन्सच (अडथळा दिसला की थांबायची सोय) बंद करतात अन् शेवटी धुऱ्यावरच्या तारेत जातात. बंद करू नका. ओळीच्या लांबीनं चालवा, उंची तुरीच्या शेंड्यावरून मोजा.

वेगाचंही बघा. सेकंदाला ७ मीटरनं जाणारा ड्रोन सेकंदाला अडीच मीटरनं वेग कमी करत थांबला तरी जवळपास १० मीटर पुढं जातो, ४ मीटरच्या वेगाला सव्वातीन मीटरच लागतात. टाकी भरलेली असली की थांबायला अजून जड जातं, म्हणून धुऱ्याजवळ वेग कमीच ठेवा.

बॅटरी उतरली की ड्रोन जिथून उडाला तिथं सरळ रेषेत परत निघतो, परतीची उंची वाटेतल्या सगळ्यात उंच झाडाच्या वर ठेवा. दोन ड्रोन असतील तर वावर वाटून घ्या.

खूण म्हणून धुऱ्यावर मजूर उभा करू नका. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ड्रोन आणला तो माणूस औषधापासून लांब राहावा म्हणूनच ना.

आणि मोकळ्या वावरात ड्रोन उगाच थांबत असेल तर सेटिंगमधे शिरायच्या आधी पुढच्या रडारचं झाकण पाहा. औषधाचा पांढरा थर अन् चिखल बसलेला असतो, ओल्या मऊ फडक्यानं पुसा आणि मगच परत उडवा.