नागपुरी संत्र्यांनी युरोपचा नाताळ

डिसेंबरात नागपूरच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री असतात, आणि युरोपातल्या नाताळच्या कितीतरी प्रथा संत्र्याशिवाय पुऱ्या होत नाहीत. फळ मात्र कामाप्रमाणे निवडायला हवं. आपल्या संत्र्याची साल सैल आणि फोडी सुट्या असतात. युरोपात लवंगा टोचायला नि चकत्या वाळवायला जे संत्रं घेतात ते घट्ट सालीचं, मोसंबीच्या जातकुळीतलं. म्हणून त्या दोन कामांना मोसंबी आणा. क्रिस्टिंगलसाठी आणि मुलांच्या भेटीच्या मोज्यांसाठी नागपुरी संत्रंच घ्या.

क्रिस्टिंगल म्हणजे संत्र्यात खोचलेली मेणबत्ती. जर्मनीतल्या मारियनबोर्न इथे १७४७ साली मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी मुलांना लाल फीत बांधलेल्या मेणबत्त्या दिल्या, तिथून ही प्रथा सुरू झाली. संत्रं त्यात नंतर आलं. इंग्लंडच्या चर्चांमध्ये ती १९६८ पासून पसरली. संत्रं म्हणजे जग, लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, चार काड्या म्हणजे चार ऋतू, त्यांवरचा मेवा म्हणजे देवाचं देणं आणि ज्योत म्हणजे ख्रिस्त.

साल फळाला चिकटलेली आहे ना, ते दाबून पाहा. पोकळ लागलं तर ते खाण्यासाठी बाजूला ठेवा, कारण त्यात मेणबत्ती हमखास कलंडते. देठाकडचा उंचवटा वर ठेवा, खालची बाजू खोलगट असल्याने फळ नीट बसतं. उंचवटा सुरीने सपाट करून मधोमध सुमारे १ सेंमीची फुली कापा. त्यावर ८ सेंमीचा चौकोनी फॉइलचा तुकडा ठेवून बारीक मेणबत्ती २ ते ३ सेंमी आत रोवा. फोडींच्या मधली पोकळी इथे कामाला येते. सैल वाटली तर मेणबत्तीच्या बुडाला फॉइलचे आणखी दोन वेढे द्या. फुली मोठी करू नका. फॉइल घातलं नाही तर मेण सालीवरून फितीपर्यंत ओघळतं.

फळाभोवती बांधायला फीत ३० सेंमी पुरते. तेलकट सालीवर चिकटपट्टी धरत नाही, म्हणून टोकं टाचणीने पक्की करा. चार टूथपिकना मनुका, चेरी, जेलीच्या गोळ्या ओवा, टोकदार शेवट मेव्यात झाकला जाईल असं पाहा आणि फितीच्या वर तिरप्या टोचा. हे सगळं त्याच संध्याकाळी करा. आदल्या रात्री केलं तर काड्यांच्या छिद्रांतून रस झिरपतो आणि मुंग्या लागतात. पेटवताना मुलींचे मोकळे केस बांधा, दोन मुलांत हातभर अंतर ठेवा आणि पाण्याची बादली जवळ असू द्या. २४ तारीख हुकली तरी बिघडत नाही: इंग्लंडमध्ये हे सोहळे २ फेब्रुवारीपर्यंत चालतात.

स्वीडनमध्ये संत्र्यावर लवंगांची नक्षी करून लाल फितीने खिडकीत टांगतात. एका मोसंबीच्या नक्षीला १० ते १५ ग्रॅम अख्ख्या, फुलासकट लवंगा लागतात. आधी दाभणाने छिद्रं पाडा, नाहीतर लवंग मोडते आणि बोटं दुखतात. दोन लवंगांत ३-४ मिमी जागा सोडा, कारण अगदी खेटून ओळ लावली की साल त्या रेषेवर फाटते. फाटलेल्या जागी बुरशी येते. फळ पंख्याखाली टांगा, फ्रिजमध्ये ठेवू नका.

झाडावर लावायच्या चकत्या ५ मिमी जाडीच्या कापा. संत्र्याची चकती मधोमध सुटते, मोसंबीची टिकते. फडक्याने टिपून ओटीजीत १०० अंशांवर ३ ते ४ तास, दर अर्ध्या तासाला उलटून वाळवा. घाई करून आच वाढवली तर कडा काळ्या पडतात आणि गर ओलाच राहतो. अशी चकती चार दिवसांत चिकट होते. नीट वाळलेली चकती दिव्यासमोर धरली की रंगीत काचेसारखी दिसते, म्हणून ती झाडाच्या बल्बांजवळच बांधा.

मुलांच्या बुटात किंवा मोज्यात भेट ठेवायची रात्र मात्र देशागणिक वेगळी. नेदरलँड्समध्ये सिंटरक्लासचा, म्हणजे मुलांना भेटी देणाऱ्या संत निकोलसचा, मुख्य दिवस ५ डिसेंबर. त्याआधी मुलं बुटात त्याच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात. इंग्लंडमध्ये २४ डिसेंबरच्या रात्री मोजा टांगतात, स्पेनमध्ये ५ जानेवारीला बूट मांडतात. बुटात किंवा मोज्यात संत्रं कोरडंच घाला. धुऊन ओलं घातलं तर ते कापडात घामेजतं. मोज्याच्या टोकाशी संत्रं, त्यावर चॉकलेट आणि सगळ्यात वर बिस्किटं, नाहीतर सकाळी चुराच हाती येतो.