बोनलेस चिकन रबरासारखं लागू नये म्हणून

नीट मॅरिनेट करूनही बोनलेसचे तुकडे चिवट लागतात? बऱ्याचदा दोष मसाल्याचा नसतो. झपाट्याने वाढून वजनदार झालेल्या ब्रॉयलरच्या छातीत चरबी आणि तंतू वाढतात. ब्रॉयलर 35 ते 42 दिवसांतच दोन किलोच्या आसपास जातो.

1. मोठी नको, जिवंत वजन सव्वा ते दीड किलोची कोंबडी मागा. माझ्या मते एवढं केलं तरी निम्मं काम होतं.
2. तुकडे करण्याआधी छाती बघा. मांसाच्या धाग्यांच्या दिशेने जाड पांढऱ्या रेघा असतील तर दुसरी दाखवायला सांगा.
3. जाड टोकाला बोटाने दाबा. मऊ दबलं तर घ्या, लाकडासारखं टणक लागलं तर नको.
4. घरी आल्यावर लक्षात आलं? खिमा करा. कटलेट, कबाब छान होतात, कारण धागे बारीक चिरले जातात.

गावरान कोंबडीला हे लावू नका. तिचं मांस मुळातच घट्ट, ते मंद आचेवर निवांत शिजवायचं.

रेघा म्हणजे संसर्गाचा रोग नव्हे, मांस खाता येतं. पण वास किंवा चिकटपणा असेल तर मात्र लगेच परत करा.